जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये संगणक आणि टचस्क्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या २०१२ च्या वॅगनआरमधला टेप बंद पडला तेव्हा त्याच्या जागी मी रास्पबेरी पाय ४ (एका पाटीवरचा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि टचस्क्रीन बसवली. त्याला आता चार पावसाळे झाले. गाडीत बसणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उदाहरणं माझ्या गाडीतली आहेत, पण बारा व्होल्टची बॅटरी असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बरंचसं लागू पडेल.

बाजारात तयार अँड्रॉइड स्टेरिओ मिळतो, मग हा खटाटोप कशाला?

फक्त गाणी, नकाशा आणि मागचा कॅमेरा हवा असेल तर तयार स्टेरिओच घ्या. कार डेकॉरवाला दोन तासांत बसवून देतो आणि सगळा हिशेब मांडला तर स्वस्तही पडतो. पैसे वाचतील म्हणून या कामात कुणी उतरू नये.

स्वतः बसवण्याचं कारण वेगळं. स्वस्तातल्या तयार स्टेरिओला पुढे अपडेट मिळत नाहीत, काही वर्षांत ॲप रडायला लागतात आणि मग अख्खं यंत्रच बदलावं लागतं. इथे स्क्रीन गेली तर स्क्रीन बदलायची, कार्ड गेलं तर कार्ड. शिवाय पडद्यावर काय दिसावं हे आपण ठरवतो. कात्रजच्या चढावर एकदा रेडिएटरचा फॅन बंद पडून आमची गाडी तापली होती. तेव्हापासून इंजिनचं तापमान मला कायम डोळ्यांसमोर हवं होतं, मोठ्या आकड्यात, गाणं चालू असो वा नकाशा. ते मला माझ्या मनासारखं करून घेता आलं.

सामान काय काय लागतं?

पाय, टचस्क्रीन, चांगलं मेमरी कार्ड, बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, चाकूसारख्या पात्यांचे फ्यूज आणि त्यांचे होल्डर, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), जीपीएस मॉड्यूल, यूएसबीचं साउंड कार्ड, चार चॅनेलचा छोटा ॲम्प्लिफायर, आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचं कपलर. कपलर म्हणजे एका बाजूने गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, बसणारा आणि दुसऱ्या बाजूला मोकळ्या वायरी असलेला जोड. तो शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि त्याच्यामुळे गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. हे कपलर आणल्याशिवाय काम सुरूच करू नका.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बुधवार पेठेतल्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यातलं बहुतेक सगळं मिळतं. हत्यारांत मल्टिमीटर, क्रिम्पिंगचा पक्कड आणि ट्रिम उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या.

पाय ४ घेऊ की पाय ५?

गाडीसाठी माझं मत पाय ४. पाय ५ वेगवान आहे, त्यात घड्याळाची सोय आहे आणि पॉवरचं बटणही आहे, हे सगळं खरं. पण त्याला पूर्ण ताकदीने चालायला पाच व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. तीनच अँपिअर दिले तर यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंना मिळून ६०० मिलिअँपिअरवर भागवावं लागतं. पाय ४ चं काम तीन अँपिअरमध्ये होतं. उष्णताही पाय ५ जास्त टाकतो, आणि डॅशबोर्डच्या आत हवा खेळती नसते. हेडफोनची खाचही पाय ५ मध्ये काढून टाकली आहे.

पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. नेट नसेल तर तो वेळ चुकीची दाखवतो. डीएस ३२३१ नावाचं बटण-सेलवर चालणारं छोटं घड्याळ लावलं की प्रश्न मिटतो.

स्क्रीन किती इंची घ्यावी? डबल डिनमध्ये सात इंची बसते का?

इथे बरेच जण फसतात. डबल डिन म्हणजे मोठ्या स्टेरिओचं ठरलेलं माप. त्याचं भोक साधारण १८० बाय १०० मिलिमीटर असतं. रास्पबेरी पायची २०१५ साली आलेली सात इंची अधिकृत स्क्रीन कडेसकट १९४ बाय ११० मिलिमीटर भरते. म्हणजे ती भोकात जातच नाही, भोकाच्या पुढे चौकट करून बसवावी लागते. शिवाय तिची रिबन केबल आखूड असल्यामुळे पाय स्क्रीनच्या पाठीलाच चिकटवावा लागतो, आणि तेवढी खोली प्रत्येक गाडीत मिळेल असं नाही.

म्हणून मी एचडीएमआयची स्क्रीन घेतली. एक केबल चित्राची, एक टचची. पाय ग्लोव्हबॉक्सच्या मागे मोकळ्या जागेत ठेवला.

आकारापेक्षा चमक जास्त बघा. घरात वापरायच्या साध्या पॅनेलची चमक २५० ते ३०० निट (चमक मोजायचं एकक) असते. दुपारी ऊन तिरपं आलं की त्यावर आपलाच चेहरा दिसतो. उन्हात वाचता यायला ७०० निटच्या पुढची स्क्रीन हवी. तेवढी परवडत नसेल तर निदान मॅट फिल्म लावा आणि स्क्रीन किंचित खाली झुकवा. उलट रात्री तीच चमक डोळ्यांत जाते, म्हणून दिवे लावल्यावर जी वायर जिवंत होते तिच्यावरून स्क्रीन आपोआप मंद होईल अशी सोय करा.

डॅशबोर्ड उघडताना क्लिपा तुटतात. काय करावं?

थंडीच्या सकाळी उघडू नका, प्लास्टिक कडक झालेलं असतं. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा. प्लास्टिकची पट्टी चौकटीच्या खालच्या कडेत सरकवा आणि उचकटण्याऐवजी मनगट थोडं वळवा. 'टक्' असा आवाज येतो आणि एक क्लिप सुटते. मग दोन बोटं पुढे सरका. वरून ओढायची घाई केली की एसीच्या जाळीजवळची क्लिप जाते, ती सगळ्यात नाजूक असते. स्क्रूड्रायव्हर वापरलात तर कडेवर ओरखडा पडलाच म्हणून समजा.

काढलेले स्क्रू जिथून काढले त्या क्रमाने कागदावर टेपने चिकटवून ठेवा. एकसारखे दिसणारे स्क्रूही लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर सोलतो.

एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम करणं सुरक्षित आहे का?

आहे, पण पहिल्या मिनिटापासून शिस्त हवी. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि किमान पाच मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ विजेचा साठा राहतो. पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या नळीतून गेलेल्या वायरींना हात लावायचा नाही, मल्टिमीटरही नाही आणि टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. समोर बसणाऱ्याच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काहीही चिकटवू नका. ते झाकण उघडताना समोरची वस्तू गोळीसारखी फेकली जाते.

कोणत्या रंगाची वायर कशाची?

बाहेरून आणलेल्या स्टेरिओ आणि कपलरच्या बाजूला रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. नारिंगी दिव्यांची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या, अनुक्रमे पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. तोच रंग आणि वर काळी रेघ असेल तर ती त्याच स्पीकरची दुसरी वायर.

गाडीच्या स्वतःच्या हार्नेसमधले रंग मात्र कंपनीगणिक वेगळे, आणि काही गाड्यांत पिवळ्या-लालच्या जागाही उलट असतात. म्हणून रंगावर विसंबू नका. चावी बंद ठेवून मोजा, मग चावी फिरवून मोजा. दोन्ही वेळा बारा व्होल्ट दाखवते ती कायमची.

मोबाइलच्या चार्जरवर पाय चालवला तर काय बिघडतं?

सगळं काम इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीतले बारा व्होल्ट हे बारा व्होल्ट नसतात. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो आकडा १४ च्या आसपास नेतो. सेल्फ मारताना तो क्षणभर ९ च्या खाली कोसळतो, बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही खाली. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल लूज झालं तर काही क्षणांसाठी कितीतरी पट उसळी येते. ट्रकवाल्याकडून जंपस्टार्ट घेतलात तर थेट २४ व्होल्ट येऊ शकतात. या सगळ्यातून पायला मात्र स्थिर पाच व्होल्ट हवे असतात. पुरवठा ४.६३ च्या खाली गेला की पडद्यावर विजेचं चिन्ह उमटतं आणि पाय आपला वेग कमी करतो.

आता लायटरच्या खाचेतला चार्जर आणि पातळ यूएसबी केबल घ्या. केबलचा जाता-येताचा रोध ०.३ ओहम धरा. तीन अँपिअर वाहिले की ०.९ व्होल्ट केबलच खाते. चार्जरकडून पाच निघाले, पायला ४.१ पोचले. लोक म्हणतात, "पाय हँग होतो, सॉफ्टवेअर खराब आहे." सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो, केबल बारीक असते.

मी असं केलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड वायर घेतली आणि टर्मिनलपासून वीतभर अंतरात दहा अँपिअरचा फ्यूज टाकला. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो आत डॅशबोर्डजवळ टाकला तर इंजिनच्या बाजूला वायर घासून शॉर्ट झाली की मधे अडवणारं काहीच नसतं, आणि गाडी पेट घेऊ शकते. वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत घेताना रबरी ग्रोमेटमधूनच घ्यायची, उघड्या पत्र्याच्या भोकातून कधीच नाही.

आत आल्यावर उसळी गिळायला टीव्हीएस डायोड, मग पाच अँपिअरचा बक कन्व्हर्टर. त्यावरचा स्क्रू फिरवून मल्टिमीटर लावून आउटपुट ५.१ व्होल्टवर आणला. कन्व्हर्टर पायच्या शेजारीच ठेवला, म्हणजे पाच व्होल्टची वायर वीतभरच राहते. लांबचा प्रवास बारा व्होल्टने करायचा, कारण तिथे करंट कमी आणि घट नगण्य. बाजारात एलएम २५९६ चे स्वस्त मॉड्यूल मिळतात. त्यांच्यावर तीन अँपिअर लिहिलेलं असलं तरी सतत तेवढा भार दिला तर ते हात लावता येणार नाही इतके तापतात. ते टाळा.

चावी काढल्यावर पाय एकदम बंद होतो. त्याने नुकसान होतं का?

होतं. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइलींची घडी विस्कटते. दहा वेळा काही होत नाही, अकराव्या वेळी गाडी सुरू करता आणि पडदा काळाच राहतो.

पायला सांगावं लागतं की चावी गेली, आवर आता. चावीच्या लाल वायरीवरचे बारा व्होल्ट थेट पायच्या पिनेला द्यायचे नाहीत. ती पिन ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाही, क्षणात जळते. मधे पीसी ८१७ सारखा ऑप्टोकपलर टाकायचा, म्हणजे दोन्हीकडची वीज एकमेकींना शिवत नाही, फक्त निरोप पोचतो. पुढची साखळी अशी: चावी फिरली की रिले ओढला जातो आणि पाय सुरू होतो. सुरू झालेला पाय आपल्या एका पिनेने तोच रिले धरून ठेवतो. चावी गेली की पायला निरोप मिळतो, तो नीट बंद होतो आणि सगळ्यात शेवटी रिले सोडतो. मग बॅटरीतून त्याच्याकडे काहीच जात नाही. रास्पबेरी पाय ओएसमध्ये या दोन्ही कामांसाठी, म्हणजे पिनेवरून बंद होणं आणि बंद झाल्यावर पिनेने खूण करणं, तयार ओव्हरले (सेटिंगचे तुकडे) आहेत, कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या.

एक बारकावा. बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना लाल वायरीचा करंट क्षणभर तुटतो. पायला वाटतं चावी काढली, आणि तो बंद व्हायला लागतो. म्हणून करंट दहा सेकंद सलग गेला तरच बंद हो, अशी वाट बघायला लावा.

त्याउपर कार्डाची फाइल प्रणाली वाचण्यापुरतीच ठेवा. सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम म्हणून पर्याय आहे. तो चालू केला की लिहिणं मेमरीत होतं आणि कार्ड अबाधित राहतं. गाणी टाकायची असतील तेव्हा तेवढा पर्याय बंद करायचा.

बॅटरी उतरते का?

वरची साखळी केली असेल तर नाही. नसेल तर हिशेब करा. पाय आणि स्क्रीन मिळून नऊ वॅट धरले तर कन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून पाऊण अँपिअरहून थोडं जास्त जातं. आमच्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे वीस तासांत निम्मी संपली. शनिवारी संध्याकाळी गाडी लावली तर रविवारी दुपारी ती सेल्फ घेईल याची खात्री नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी रिले न लावता पाय थेट पिवळ्या वायरीवर ठेवला होता. दोन दिवस गाडी हलली नाही आणि तिसऱ्या दिवशी पहाटे वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षा मिळाली म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी रिले बसवला.

काम पूर्ण झाल्यावर चावी काढून, दारं लावून, बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टिमीटर ओळीत जोडून करंट मोजा. गाडी झोपी जायला थोडा वेळ द्या. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. मोजताना चावी फिरवू नका, मल्टिमीटरचा फ्यूज उडेल.

उन्हाळ्यात टिकतं का?

टिकतं, पण प्रत्येक वस्तू त्या हिशेबाने निवडावी लागते. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा वरचा भाग सत्तर अंशांपर्यंत सहज जातो. पाय ४ साठी भोवतालची हवा ५० अंशांपर्यंत असावी असं सांगितलेलं आहे, आणि त्याची चिप ८० च्या पुढे गेली की वेग उतरवायला लागते. गाडी उभी असताना तो बंद असतो, म्हणून तेव्हा फारसं बिघडत नाही. त्रास होतो तो तापलेली गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. ॲल्युमिनियमची पूर्ण आवरणाची केस आणि छोटा पंखा लावा. एसीच्या डक्टला चिकटवू नका. थंड डक्टवर पावसाळ्यात दव धरतं आणि ते पायवर ठिबकतं.

चौकटीची गोष्ट सांगायलाच हवी. पहिली चौकट मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकची करून घेतली. दिसायला सुरेख होती. मे महिन्यात सोलापूरला गेलो, अकरा ते तीन गाडी उघड्यावर होती. परत आलो तर चौकटीची वरची कड भिजलेल्या पापडासारखी मधोमध खचलेली, स्क्रीन पुढे झुकलेली आणि एचडीएमआयची केबल ताणलेली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजी ऐंशीपर्यंत तग धरतं, एबीएस आणि एएसए शंभराच्या आसपास. आता एएसएची चौकट आहे, ऊनही तिला बाधत नाही.

स्पीकरमधून 'कुंई' असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दिला की चढतो.

तो अल्टरनेटरचा आवाज. पायचा अर्थ एका जागी आणि ॲम्प्लिफायरचा दुसऱ्या जागी जोडला की त्या दोन बिंदूंमधला फरक स्पीकरमधून ऐकू येतो. दोन्हींची काळी वायर एकाच बोल्टवर आणा. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकाकता पत्रा दिसू द्या, रिंग टर्मिनल घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. दहापैकी आठ वेळा एवढ्याने आवाज जातो. उरला तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर टाका.

दुसरी चूक अशी, की काही जण स्पीकरच्या काळ्या रेघेच्या वायरी गाडीच्या अर्थला जोडतात. आजच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो. एकही अर्थला लागली तर चिप जळते.

ॲम्प्लिफायरची कटकट नको असेल तर जुना टेप चालू अवस्थेत असल्यास तो फेकू नका. ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा आणि त्याच्या ऑक्समध्ये पायचा आवाज सोडा. पुष्कळांना एवढं पुरतं.

सॉफ्टवेअर कोणतं टाकू?

तुमचं सगळं आयुष्य फोनवर असेल तर ओपनऑटो बघा. ते अँड्रॉइड ऑटोचा पडदा पायवर उभा करतं. फोन यूएसबीला लावला की नकाशा, कॉल, गाणी स्क्रीनवर येतात. याला गूगलची मान्यता नाही, म्हणून फोनमधलं ॲप अपडेट झाल्यावर एखाद्या दिवशी जोडणी अडू शकते, एवढी तयारी ठेवा.

मी साधा रास्पबेरी पाय ओएस ठेवला, गाण्यांसाठी 'कोडी' नावाचं ॲप आणि वर माझा एक छोटा पडदा, ज्यावर चार मोठी बटणं आहेत. बटण दोन सेंटिमीटरहून लहान करू नका, खड्ड्यात गाडी आपटली की बोट भलतीकडे पडतं. देवनागरी फॉन्ट आठवणीने टाका. लोहित किंवा नोटो टाकला नाही तर अभंगांच्या नावांऐवजी चौकोनांची रांग दिसते, आणि आईला तेच सगळ्यात आधी खटकलं होतं.

सुरू व्हायला पाय ४ ला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. नको असलेल्या सेवा बंद केल्या आणि कार्डाऐवजी यूएसबीवरच्या एसएसडीवरून सुरू केला तर थोडं कमी होतं. लॅपटॉपसारखं झोपवून ठेवणं पाय ४ ला येत नाही.

ताम्हिणी घाटात रेंज नसते. नकाशा कसा चालेल?

नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरणारं नॅव्हिट हे गाडीसाठीच लिहिलेलं आहे आणि नेटशिवाय चालतं. जीपीएसला रेंज लागत नाही, आकाश लागतं. मॉड्यूलचा अँटेना काचेखाली, डॅशबोर्डच्या कडेला ठेवा. काचेवर धातूची फिल्म असेल तर सिग्नल मार खातो. पायजवळ, एचडीएमआय केबलला लागून ठेवलात तरीही खातो.

मागचा कॅमेरा पायला जोडू का?

नको. पार्किंगमधून बाहेर पडताना गाडी सुरू केल्याबरोबर आपण रिव्हर्स टाकतो, आणि पाय अजून जागा होत असतो. ज्या क्षणी मागचं दिसायला हवं त्याच क्षणी पडदा काळा. त्यापेक्षा एव्ही इनपुट असलेली स्क्रीन घ्या. रिव्हर्सच्या दिव्याची वायर तिच्या ट्रिगरला दिली की ती पायला बाजूला सारून कॅमेरा दाखवते. पाय बंद पडला तरी कॅमेरा चालू राहतो. तरीही मान वळवून मागे बघायची सवय सोडू नका. लहान मूल कॅमेऱ्याच्या कडेबाहेर असू शकतं.

इंजिनची माहिती पडद्यावर कशी आणता?

स्टेअरिंगखाली सोळा पिनांची ओबीडीची, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची, खाच असते. तिथे ईएलएम ३२७ चा जोड लावला की ब्लूटूथवरून पायला गाडीशी बोलता येतं. मी '०१ ०५' असा प्रश्न पाठवतो. गाडी '४१ ०५ ७बी' असं उत्तर देते. शेवटचा '७बी' हा सोळाच्या पायावरचा (हेक्स) आकडा, दशमानात १२३. त्यातून ४० वजा केले की ८३. म्हणजे इंजिनचं पाणी ८३ अंशांवर आहे. घाट चढताना हा आकडा मी कोपऱ्यात ठेवतो, शंभराच्या पुढे गेला की लाल होतो आणि घंटी वाजते. मागच्या उन्हाळ्यात आंबेनळी घाटात वाजली, तेव्हा वेळेत थांबता आलं. पाइपला बारीक चीर होती.

खाचेतल्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर जोड काढून ठेवा. आणि गाडीकडून फक्त वाचा. तिच्या संगणकात लिहायच्या फंदात पडू नका.

स्टेअरिंगवरची बटणं चालतील का?

बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटण वेगळा रोध जोडतं, तो ओळखला की झालं. पायला ॲनालॉग पिन नाही, म्हणून मधे व्होल्टेजचा आकडा करून देणारी एडीएस १११५ चिप किंवा साधा आर्डुइनो लागतो. एअरबॅगचा भाग न उघडता, खालच्या कपलरवरूनच वायर घ्या.

पोलीस पकडतील का? इन्शुरन्सचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या नोंदणीतला तपशील बदलेल अशा फेरफारांबद्दल आहे. टेपच्या जागी स्क्रीन आल्याने आरसीवरचं काही बदलत नाही. पण गाडी चालवताना चालकाने व्हिडिओ बघायला मनाई आहे. रस्ता शोधण्यापुरता नकाशा चालतो. मी हॅण्डब्रेकची वायर पायला दिली आहे. ब्रेक ओढलेला नसेल तर व्हिडिओ उघडतच नाही, आणि कीबोर्डही येत नाही. हे प्रत्येकाने करावं असं मी आग्रहाने सांगतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांच्या वर हटू नये असं म्हटलं आहे. ताशी ८० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात एक म्हैस, दोन दुचाकी आणि एक खड्डा सहज येतो.

इन्शुरन्सच्या नूतनीकरणाच्या वेळी ही वस्तू इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी म्हणून बिलासह कळवा, थोडा प्रीमियम वाढतो. न कळवता चोरी झाली तर तिचे पैसे मागता येत नाहीत. आणि गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटर विजेच्या कुठल्याही बिघाडाची जबाबदारी झटकू शकतं.

कोकणात राहतो. गंज चढेल का?

वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली तर नक्की चढेल. खाऱ्या हवेत तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं, मग लूज कॉन्टॅक्ट, मग उष्णता. नीट क्रिम्प करा, वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा. पाय सीटखाली ठेवू नका. पाणी तुंबलेल्या रस्त्यातून गेलात तर ते पहिल्यांदा तिथेच येतं.

वायरमन म्हणतो, "हे मला जमणार नाही."

त्याला संगणकाचं काम सांगूच नका. बॅटरीपासून फ्यूजसह वायर आत आणून देणं, अर्थचा बोल्ट आणि रिले, एवढंच त्याच्याकडून करून घ्या. हे तो रोज करतो आणि आपल्यापेक्षा चांगलं करतो. पायचं सगळं घरी टेबलावर, बारा व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर, आठवडाभर चालवून बघा. टेबलावर जे रुसतं ते गाडीत नक्की रुसतं, आणि गाडीत पाठ वाकवून शोधावं लागतं.

गाडी विकायची झाली तर?

एकही वायर कापलेली नाही, त्यामुळे कपलर काढायचं आणि मूळ टेप लावायचा, तासाभराचं काम. तो टेप, त्याच्या दोन्ही ब्रॅकेट आणि कागदावर चिकटवलेले स्क्रू एका डब्यात घालून, वर गाडीचा नंबर लिहून मी माळ्यावर ठेवले आहेत.